तारकर्लीला निघण्यापूर्वी दाढ दाखवावी

जळकोट, जि. लातूर

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडाने घेत पाण्याखाली उतरणे, करण्याचा बेत चिरंजीवाने कळवला आहे. त्या बेतास विरोध करण्यासाठी हे पत्र नाही. परंतु वरची उजवी दाढ गार पाण्याने ठणकते हे घरात सर्वांना ठाऊक असताना ती दाखवल्यावाचून चिरंजीवाने निघू नये, एवढ्यासाठी ते लिहिले आहे.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला पाण्याची भीती राहत नाही, परंतु विहिरीने शिकवलेली एक गोष्ट समुद्रात नेमकी उलटी पडते. तळाची माती मुठीत आणण्यासाठी बुडी मारली की कान दडपतात आणि वर येताच मोकळे होतात, त्यामुळे त्रास खाली आणि सुटका वर, असे शरीर धरून चालते. विहिरीत बुडी मारणारा वरून छातीत भरलेल्या हवेवरच जातो आणि येतो. टाकीतून श्वास घेणाऱ्यास मात्र रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब भोवतालच्या पाण्याइतका करून ती तोंडात सोडणारे यंत्र, ज्या खोलीवर तो असेल त्या खोलीच्या दाबाची हवा पुरवते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान तेच असेल तर वायूचा दाब दुप्पट होताच त्याचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर १० मीटरला, विहिरीच्या मापात साधारण सहा परसांना, एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणून १० मीटरवर दाढेच्या फटीत शिरलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते, आणि फट अरुंद असल्याने ती वेळेत बाहेर पडली नाही तर आतून दाबते.

धडधाकट दात दाबाने चेपत नाही. अडचण होते ती पोकळीची. किडीखालचा खळगा, कडेने सुटलेले सिमेंट, तात्पुरती बसवलेली कॅप आणि अर्धवट सोडलेले रूट कॅनाल ही अशा पोकळ्यांची ठिकाणे होत. दाब बदलल्याने उठणाऱ्या या दातदुखीस बॅरोडोन्टाल्जिया म्हणतात आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या तक्रारींमुळे तिच्याकडे वैद्यकाचे विशेष लक्ष गेले. वर येताना कळ उठली तर बहुधा दाताचा जिवंत गाभा, म्हणजे पल्प, सुजलेला असतो. खाली जाताना ठणका लागला तर तो मेलेला असण्याचा संभव असतो. दोन्ही वेळा तीव्र वेदना झाली तर मुळाच्या टोकाशी पू धरल्याची शंका घ्यावी लागते. क्वचित सिमेंट निखळते किंवा दाताचा टवका उडतो, आणि पाण्याखाली तो तुकडा श्वासाबरोबर आत ओढला जाण्याचा धोका असतो.

वरच्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील सायनसच्या, म्हणजे नाकाशी जोडलेल्या हवेच्या पोकळीच्या, तळाजवळ असतात. सर्दीने त्या पोकळीची वाट बुजली असेल तर दुखणे सायनसचे असूनही ते दाढेचे वाटते. म्हणून नाक चोंदलेले असताना पाण्यात उतरणे सर्वथा टाळावे.

लातूरला दंत महाविद्यालय आहे, उदगीरही जवळ आहे. परंतु कोठेही गेले तरी समुद्रात उतरणार असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण एरवी चालून जाणारी तात्पुरती भरणी येथे चालत नाही. भूल देऊन दात भरल्यावर किमान २४ तास आणि दाढ काढल्यावर किमान आठवडाभर थांबण्याची शिफारस केली जाते; वरची दाढ काढताना सायनसला भोक पडले असेल तर त्याहूनही अधिक. तेव्हा हे काम निघण्याच्या आदल्या दिवसावर टाकू नये.

पाण्याखाली बोलता येत नाही, कारण नळीचे रबरी तोंड दातांत धरून ओठांनी मिटवायचे असते. ते करकचून चावल्यास जबड्याचा सांधाच दुखू लागतो, म्हणून दातांनी नुसते धरावे. दाढ दुखू लागल्यास खूण म्हणून पंजा आडवा करून डावीकडे-उजवीकडे डुलवावा, मग बोट गालाकडे दाखवावे. वर येतानाची कळ असेल तर प्रशिक्षकाबरोबर थोडे खाली जाऊन अगदी सावकाश वर यावे आणि श्वास कधीही रोखू नये, कारण तसे केल्याने फुप्फुसालाच इजा होते. गावाकडे अंगठा उंचावला की ‘मस्त’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे, आणि ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून गोल करावा लागतो.

डॉक्टरांनी या खेपेस नको म्हटले, तर पैसे भरले आहेत म्हणून उतरू नये. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला होडीने जाऊन पाहता येतो, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत तारकर्लीचा हंगाम चालू असतो. दाढेबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते चिरंजीवाने निघण्यापूर्वी कळवावे.

कळावे, हे आशीर्वाद.