लग्न कुणी ठरवायचं खरं? सत्यशोधक विवाह ते नोंदणी विवाह



सातवीच्या वर्गात महात्मा फुल्यांविषयी बोलत होते. सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्नं लावली, असं सांगितलं आणि मागच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, मग ते लग्न सरकारला चालायचं का?" मी उत्तर देणार तेवढ्यात दुसरा म्हणाला, "आमच्या आत्याचं कोर्टात झालं. आजी म्हणते, अक्षता नाही पडल्या तर कसलं लग्न!"

वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. म्हणून हा लेख.

आधी आत्याचं बघू. आपण 'कोर्ट मॅरेज' म्हणतो खरं, पण तिथं न्यायाधीश नसतात. ते लग्न विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर, विशेष विवाह कायदा 1954 प्रमाणे होतं. मुलगा 21 वर्षांचा आणि मुलगी 18 वर्षांची पूर्ण हवी. लेखी नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, आणि 30 दिवसांत योग्य हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारतो, हे वाक्य दोघांनी समजणाऱ्या भाषेत म्हणायचं असतं. ते मराठीतही चालतं. अक्षता, अग्नी, हार यांतलं काहीच सक्तीचं नाही. हौस म्हणून करायला बंदीही नाही. म्हणजे आत्याचं लग्न पक्कं आहे. हे मी त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर सांगितलं, मुद्दाम.

आता पहिल्या प्रश्नाकडे. 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा यांचं लग्न या पद्धतीने लागलं. मंगलाष्टकं मराठीत. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्काचं वचन मागते, हे मुलींना सांगितलं की त्या ताठ बसतात, अनुभव आहे! पण गावोगावच्या जोशांचा विरोध झाला. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशाला न बोलावता घरची लग्नं लावली, तर प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढाई होऊन 1890 मध्ये निकाल यजमानाच्या बाजूने लागला. तो वाद मुख्यतः जोशाच्या हक्काचा आणि दक्षिणेचा होता, हे खरं. तरीपण लग्न लावायला अमुकच माणूस हवा का, हा प्रश्न आपल्याच मातीत तेव्हा कायद्यासमोर आला.

त्याच काळात सरकारी कायदाही होता, 1872 चा. पण त्यात एक विचित्र अट होती. लग्न करणाऱ्यांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुठलाच धर्म मानत नाही, असं लिहून द्यायचं! जातीबाहेर लग्न करायचं तर धर्मच नाकारा. 1923 मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती सैल झाली आणि 1954 च्या कायद्याने ती पूर्ण गेली. वेगवेगळ्या गटांनीही आपापल्या पद्धतीला मान्यता मिळवली. शिखांसाठी 1909 चा आनंद विवाह कायदा आला, आर्य समाजी विवाहांसाठी 1937 चा. तमिळनाडूत पेरियार यांच्या चळवळीतली पुरोहिताशिवायची स्वाभिमान लग्नं वर्षानुवर्षं होत होती. अण्णादुराई मुख्यमंत्री असताना 1967 मध्ये तिथल्या विधिमंडळाने हिंदू विवाह कायद्यात कलम 7अ घालून ती वैध केली. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नोंदणी कार्यालयातली सही हाच लग्नाचा मोठा भाग. तिथं सहीसाठी दोनदा जावं लागतं.

पण मान्यता एवढी महत्त्वाची का? एकत्र राहतात ना, मग कागद कशाला, असं पालकसभेत एक बाबा म्हणाले होते. त्यांना मी भाऊराव लोखंडे खटला सांगितला. हा आपल्या महाराष्ट्रातलाच, सर्वोच्च न्यायालयाचा 1965 चा निकाल. पहिली बायको असताना माणसाने दुसरं लग्न केलं, 'गांधर्व' पद्धतीने. द्विभार्येचा खटला झाला, खालच्या कोर्टांत शिक्षाही झाली. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, दुसऱ्या लग्नात अग्नीसमोर विधी आणि सप्तपदी झाली का? नाही. त्या समाजात या विधींशिवाय लग्न लावण्याची रूढी आहे, हे सिद्ध झालं का? तेही नाही. मग दुसरं लग्न कायद्याने लग्नच नाही, आणि लग्नच नाही तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा कसला? शिक्षा रद्द.

जरा थांबून विचार करा. पहिलीला न्याय नाही, दुसरीला बायकोचा दर्जा नाही, आणि पुरुष सुटला. विधी कमी पडला त्याचा फायदा कुणाला झाला? मला हा निकाल वाचून राग आला होता. कायद्याच्या शब्दांप्रमाणे न्यायालयाचं बरोबर असेल, पण मान्यतेच्या अटी जेवढ्या कडक, तेवढी पळवाटही रुंद होते. पुढे कायद्याने थोडी भर घातली. अशा रद्दबातल लग्नातली मुलं औरस मानली जातात, आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. वारसाचं, पेन्शनचं मात्र अडतंच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेल्या वर्षी दाखल्यासाठी आली होती. देवळात हार घालून लग्न झालेलं, नवरा अपघातात गेला. त्याच्या कामाच्या ठिकाणचे पैसे मिळवायला गेली तर लग्नाचा पुरावा मागितला. तिच्याकडे एक फोटो होता, त्यातही तोंडं नीट दिसत नव्हती. शाळेच्या रजिस्टरमधलं मुलीचं आणि वडिलांचं नाव तरी उपयोगी पडेल का, म्हणून आली होती बिचारी. आम्ही दाखला दिला. पुढचं तिचं अजून चालू आहे.

इथं पालकांचा नेहमी एक गोंधळ होतो. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी केली नाही म्हणून लग्न अवैध होत नाही. पण उलटही खरं आहे. नुसतं प्रमाणपत्र आणलं, विधी काहीच केला नाही, तर ते हिंदू विवाह ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. विधी नको असेल तर 1954 चा कायदा आहे, आणि विधी करून लग्न केलं असेल तर नोंदणीही करून घ्या. पत्रिका, फोटो, साक्षीदार हाताशी असतानाच केलेलं बरं, वीस वर्षांनी शोधाशोध होते.

एका ताईंनी विचारलं, समलिंगी विवाहाचं काय? सातवीत मी हा विषय स्वतःहून काढला नाही, पण मोठ्यांनी तरी माहिती नीट ठेवावी. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, आणि 1954 चा कायदा बदलणं हे संसदेचं काम. लग्न नाही तर निदान जोडीदार म्हणून नात्याला मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी मतं पडली, आणि ती मिळाली नाही. विरोध करणारे म्हणतात, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचं नातं, त्यावर वारसा, दत्तक असे कितीतरी कायदे उभे आहेत, एकच धागा ओढून चालणार नाही. बाजूचे म्हणतात, दवाखान्यात सही कुणी करायची, मागे राहिलेल्याने घर कशाच्या आधारावर मागायचं? मला दुसरा प्रश्न ऐकताना ती फोटो घेऊन आलेली आई आठवते. तुमचं मत वेगळं असू शकतं. वर्गात मी माझं मत सांगत नाही, दोन्ही बाजू फळ्यावर लिहिते.

ज्यांना हा भाग घ्यायचा आहे त्यांनी आधी मुलांना घरी पाठवा, आजी-आजोबांना विचारायला: तुमचं लग्न कुठं झालं, कुणी लावलं, कागद आहे का? माझ्या वर्गात 34 मुलांपैकी चौघांनीच आजीच्या लग्नाचा काही कागद आणला. आत्याचा भाचा मात्र प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन आला, आणि म्हणाला, "मॅडम, आजीलापण दाखवली. ती म्हणाली, बरं, पण जेवण नाही ना घातलं."