सबची कळ फिरवून लहान स्पीकर वाचत नाहीत

भंडारदऱ्याच्या काठावर तंबू वाढत गेले, तसं माझ्याकडे दुरुस्तीला येणारं सामानही बदललं. पूर्वी लग्नाचे भोंगे यायचे, गणपती-नवरात्रातले मोठे डबे यायचे. आता मे संपत आला, काजव्यांचा मोसम लागला, की शेंडी-मुरशेतकडून चार-पाच इंची कोनचे लहान स्पीकर येतात. तक्रार ठरलेली असते : "सबवूफर मस्त चालतोय, हे बारकेच का जातात?"

जाळी काढून कोनवर बोटं ठेवायची आणि हलकेच दाबायचं. खरखर जाणवली, तर आत कॉइल घासतेय. तापून तिचा आकार बिघडतो आणि मग मॅग्नेटच्या बारीक फटीत ती अडकते. नाक जवळ नेलं तर करपलेल्या वार्निशचा वास येतो. दुसऱ्या प्रकारात कॉइल शाबूत असते, पण कडेचं रबर फाटलेलं किंवा कोनखालचं पिवळं कापड डिंकातून सुटलेलं. पहिला स्पीकर तापून गेला, दुसरा नको तेवढा हलून. तंबूवरून आलेल्या या बारक्यांमध्ये दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं : त्यांना न झेपणारा बेस.

हे सांगितलं की मालक म्हणतो, "पण सबवर क्रॉसओवर ८० ला लावलाय." घोळ होतो तो इथेच. ती कळ फक्त सबपुरती असते. ८० हर्ट्झच्या वरचा आवाज सबमध्ये जाऊ नये, एवढंच तिचं काम. लहान स्पीकरच्या वायरीत काय जातंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिकडे ढोलापासून बासरीपर्यंत सगळं जसंच्या तसं जात राहतं. सब जोडला म्हणून बारक्यांवरचा भार आपोआप हलका होत नाही.

तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर बंद डब्यातल्या कोनला चौपट हलावं लागतं. १६० हर्ट्झला तो अर्धा मिलिमीटर हलत असेल, तर ८० ला दोन आणि ४० ला आठ मिलिमीटर. चार इंची कोनला आठ मिलिमीटर कुठून जमणार? डब्याला मागे भोक असेल, तर फार खालच्या सुरांना कोनला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, तो नुसता फडफडतो. त्यातून तलावाकाठी भिंती नाहीत. घरातल्या खोलीत भिंती-कोपरे बेसला हात देतात, उघड्यावर तो विरून जातो. पाहुणे म्हणतात मजा येत नाही, कुणीतरी मोबाइलमधला 'बेस बूस्ट' चढवतो, आणि सबच्या आधी बारके धारातीर्थी पडतात.

उपाय महाग नाही. मिक्सरवर किंवा ॲम्पवर 'हाय पास' किंवा 'लो कट' असेल, तर तो लहान स्पीकरच्या लाइनला लावा. घरच्या होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' असं विचारतात, तिथे निमूटपणे 'स्मॉल' निवडा. आपल्या स्पीकरला लहान म्हणायला माणसाला का कमीपणा वाटतो, कोण जाणे.

यातलं काहीच नसेल, तर प्रत्येक लहान स्पीकरच्या प्लस वायरीत एक कपॅसिटर टाका. ८ ओमच्या स्पीकरला १५० हर्ट्झच्या आसपास बेस तोडायचा, तर साधारण १३३ मायक्रोफॅरड लागतो. १०० आणि ३३ शेजारी-शेजारी पॅरलल जोडले की झालं. मात्र तो नॉन-पोलरच हवा. प्लस-मायनस खूण असलेला साधा कपॅसिटर इथे लावला, तर फुगून फुटू शकतो. एका कपॅसिटरची चाळण तशी सौम्यच. ठरवलेल्या आकड्याच्या एक सप्तक खाली गेल्यावर पाचवा हिस्सा ताकद तरीही पोचते. म्हणून चार इंची स्पीकरला ८० चा हट्ट धरू नका, १५० च बरा. लहान स्पीकरसाठी वेगळा ॲम्प असेल, तर ॲम्पच्या आधीच काम होतं. त्याचा इनपुट २० किलोओमचा असेल, तर ०.१ मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर ८० हर्ट्झला पुरतो.

बारके बदलताना ओम बघा. कपॅसिटर तोच ठेवून ४ ओमच्या जागी ८ ओमचे बसवले, की तोडण्याची रेषा निम्म्यावर येते : १५० ची ७५. नवे स्पीकर जुन्यांपेक्षा भारी असूनही लवकर का गेले, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

सगळं जोडून झालं की सब पूर्ण बंद करा आणि नुसते लहान स्पीकर ऐका. आवाज पातळ, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा यायला हवा. ढोल अजून घुमत असेल, तर बेस अडलेला नाही. गिऱ्हाइकासमोर ही परीक्षा घेऊ नका, तो पैसे परत मागेल.

राहिला सब. त्याचा आवाज कुठवर जातो, हेही बघायला हवं. हा तलाव कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत आहे. रात्री पाण्यालगतची हवा गार राहते, वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळून समोरच्या काठावरच्या पाड्यांपर्यंत जातो. तंबूचं कापड तर बेसला अडवतच नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. तेव्हा तंबूवाल्यांनो, बारक्यांना कपॅसिटर आत्ताच लावून घ्या, आणि दहाच्या ठोक्याला सबसकट सगळं बंद करा.