‘यवन’ शब्दाचे मूळ व अर्थ

इतिहासाच्या पाठात ‘यवन’ हा शब्द आला म्हणजे पुष्कळ मुले त्याचा अर्थ ‘मुसलमान’ असा करतात. बखरींतून तो त्या अर्थाने येतो, हे खरे. परंतु तोच अर्थ अशोकाच्या काळास लावला, तर आठशेहून अधिक वर्षांची चूक होते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील अंतियोक हा ‘योन’ राजा ग्रीक होता, तो इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातला. इस्लामचा उदय इ. स. सातव्या शतकातला.

ग्रीक लोक स्वतःस ‘हेलेनीस’ म्हणवीत. त्यांच्यापैकी आयोनियन नावाची शाखा आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर राहत असे. मिलेटस व इफेसस ही त्यांची प्रसिद्ध नगरे होत. आयोन नामक पूर्वजावरून हे नाव पडले, असे ग्रीक कथा सांगतात. वस्तुतः लोकांच्या नावावरूनच हा पूर्वज कल्पिलेला दिसतो. नावाचे जुने रूप ‘इयावोनेस’ असे होते. पुढे ग्रीकांच्या उच्चारातून त्यातील ‘व’ लोपला. पूर्वेकडील भाषांत मात्र त्याची खूण राहिली.

इ. स. पूर्व ५४६च्या सुमारास इराणी सम्राट सायरसने हा किनारा जिंकला. इराण्यांचा परिचय प्रथम याच शाखेशी झाल्यामुळे ते सर्वच ग्रीकांना ‘यौन’ म्हणू लागले. संस्कृतात ‘यवन’ हे रूप रूढ झाले. पाणिनीच्या सूत्रातही ते आहे. ‘लवण’चे प्राकृतात ‘लोण’ होते, तसे ‘यवन’चे ‘योन’ झाले. ‘लोणचे’ या शब्दाचा दाखला दिल्यास मुलांना हे सहज पटेल.

पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी स्तंभ दान केल्याचे लेख आहेत. नाशिकच्या लेण्यांत इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील योनकाचे दान नोंदलेले आहे. परक्या देशाचे नाव धारण करणारी ही माणसे येथील धर्मकार्यात सहभागी झाली होती, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

कालांतराने पश्चिमेकडून येणाऱ्या इतर परकीयांनाही ‘यवन’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि पुढे तो शब्द मुसलमानांस लागू झाला. म्हणून हा शब्द येताच शिक्षकाने प्रथम लेखाचा काळ विचारावा आणि मग अर्थ सांगावा. शब्द तोच राहतो, माणसे बदलतात. हा भेद वर्गातच स्पष्ट झाला नाही, तर एका काळाचे वैर दुसऱ्या काळाच्या माथी मारण्याची सवय मुलांस लहानपणीच जडते.