रायगड पडला तेव्हा

अगं, ‘अजून किती दिवस, ताई?’ याला माझ्याजवळ उत्तर नाही. यजमानांची नोकरी गेली, घराचा हप्ता थांबत नाही, सासूबाईंचं दुखणं हटत नाही. यातलं काय कधी सुटेल, कोण सांगणार? पण जीव घाबरा झाला की मला येसूबाई आठवतात. आज तुझ्याशी त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

मार्च १६८९. औरंगजेबाने संभाजीराजांना हालहाल करून मारलं. येसूबाई रायगडावर, पदरात सात वर्षांचाही पुरता न झालेला शाहू, आणि त्याच महिन्यात गडाला झुल्फिकारखानाचा वेढा. रडायलासुद्धा उसंत नाही. पोटच्या मुलाचा हक्क पुढे न करता त्या दीर राजारामांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी एकाच गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर निघावं, हा सल्लाही त्यांचाच. एप्रिलमध्ये राजाराम निसटले आणि पुढे पार तमिळ मुलखातल्या जिंजीहून त्यांनी राज्य चालवलं. येसूबाई लेकराला घेऊन मागे राहिल्या, गड लढवत. नोव्हेंबरात रायगड पडला. मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

रायगड म्हणजे राजधानी गं, थोरल्या महाराजांना राज्याभिषेक झाला ती जागा. ती गेली, पण राज्य गेलं नाही. कारण जे जगायलाच हवं होतं, ते या बाईने वेळेवर बाहेर काढलं होतं. तलवारीच्या पराक्रमाइतकाच मला हा निर्णय मोठा वाटतो. काय सोडायचं आणि काय जपायचं, हे त्यांनी ऐन दुःखात ओळखलं.

१७०७ मध्ये औरंगजेब नगरला मेला, शाहूराजे सुटले. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथ-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा कुठे त्या साताऱ्याला आल्या. तीस वर्षं! आपल्याला १७१९ ठाऊक आहे, म्हणून वाचताना धीर धरता येतो. त्यांना ते १६९५ मध्ये ठाऊक नव्हतं, १७१० मध्येही नव्हतं. शेवट दिसत नसताना रोजचा दिवस काढायचा होता.

त्यांच्यापुढे तुझं दुःख लहान आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. रात्री दोनला हप्त्याचे आकडे डोळ्यांपुढे नाचतात, तेव्हा ते डोंगराएवढेच असतात. पण बाई, तू एकाच वेळी सगळे गड लढवायला निघालीयस. फ्लॅटही राखायचा, गाडीही राखायची, नातेवाइकांत काही कळूही द्यायचं नाही. माझं ऐक. फ्लॅट हा तुझा रायगड आहे. राखता आला तर राखू, नाही तर भाड्याच्या दोन खोल्यांत संसार होतो. लेकीची बारावी आणि तुमचं दोघांचं एकमेकांशी बोलणं, हे मात्र पडता कामा नये. गेल्या महिन्यापासून तुम्ही जेवताना बोलत नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. रागावू नकोस तिला.

तिच्या क्लासची फी मी भरते. उसने समज हवं तर. गाडी विकायचं आजच घरात बोल. आणि सोमवारी कर्जाची फाइल घेऊन ये. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का, ते विचारायला बँकेत दोघी मिळून जाऊ.