ल्युकेमियाचे प्रकार व चिकित्सालयात ओळखावयाची लक्षणे

रक्ताच्या कर्करोगाचे निश्चित निदान आपल्या चिकित्सालयात होत नाही. परंतु त्याचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतो. कधी तो पांडु म्हणून येतो, कधी जीर्णज्वर म्हणून, तर कधी हिरड्यांतून रक्त येते म्हणून औषधालयात दंतमंजन मागावयास येतो. प्रस्तुत लेखात आम्ही या व्याधीचे मुख्य प्रकार आणि संशय उत्पन्न करणारी लक्षणे यांचा विचार करीत आहोत.

'ल्युकेमिया' हे नाव विरशॉ या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १८४७ साली दिले. त्याचा अर्थ 'पांढरे रक्त'. अस्थिमज्जेत श्वेतपेशींची अनिर्बंध वाढ होऊन इतर पेशींची जागा व्यापली जाते. तांबड्या पेशी घटल्याने पांडुता व श्रमश्वास, बिंबिका (प्लेटलेट) घटल्याने रक्तस्राव आणि कार्यक्षम श्वेतपेशी घटल्याने वारंवार ज्वर व मुखपाक होतो. पांडु, रक्तपित्त व ज्वर यांची चिकित्सा चरकसंहितेत स्वतंत्र अध्यायांत आली आहे. ही तीनही एकाच रुग्णात, थोड्या दिवसांच्या अंतराने दिसू लागली, तर त्यांना तीन वेगळे व्याधी मानून चालणार नाही.

या व्याधीचे आशुकारी व चिरकारी असे दोन वर्ग असून, पेशींच्या कुळानुसार प्रत्येकाचे लिम्फॉइड व मायलॉइड असे दोन भेद होतात.

आशुकारी लिम्फॉइड प्रकार मुख्यतः बालकांत, विशेषतः दोन ते पाच वर्षे वयात आढळतो. येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. मूल पाय दुखतात म्हणून रात्री रडते, चालावयास नकार देते, सांधा किंचित सुजतो, अंगात बारीक ज्वर असतो. अशा मुलास आमवात समजून गुग्गुळाचे कल्प सुरू होतात. त्यात निदान लांबते. त्याहून घातक म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने या व्याधीतील पेशी तात्पुरत्या विरघळतात, मूल आठ दिवस हसते-खेळते आणि पुढे तपासणीत चित्र पुसट झालेले असते. ज्या पुड्यांत काय मिसळले आहे हे विक्रेत्यास सांगता येत नाही, त्या पुड्या औषधालयात ठेवूच नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे. वेळेवर व पूर्ण उपचार झाल्यास यांतील बहुसंख्य बालके बरी होतात. म्हणूनच हा विलंब अधिक बोचतो.

आशुकारी मायलॉइड प्रकार प्रौढ व वृद्धांत अधिक. याच्या काही भेदांत हिरड्या सुजून दातांवर चढतात. प्रोमायलोसायटिक या उपभेदात अकस्मात तीव्र रक्तस्राव होतो, मेंदूतही होऊ शकतो. तो तासांच्या हिशेबाने पाहावयाचा आत्ययिक व्याधी आहे. गंमत अशी की, त्यावरील आजचे प्रभावी औषध म्हणजे रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक ट्रायऑक्साइड, अर्थात आपला सोमल! तथापि यावरून मल्लकल्प वा हरताळभस्म देण्याचा मोह कोणी धरू नये. तेथे शुद्ध द्रव्य मोजून शिरेतून दिले जाते आणि हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवले जाते.

चिरकारी मायलॉइड प्रकारात प्लीहावृद्धी प्रमुख असते. डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घास खाताच पोट भरणे, घाम व वजन घटणे ही लक्षणे असतात. रुग्ण अग्निमांद्याची तक्रार करतो; वैद्याने उदर हाताने तपासलेच नाही, तर प्लीहा सापडणार कशी? १९६० साली या व्याधीत फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडले आणि २००१ पासून इमॅटिनिब उपलब्ध झाले. ही गोळी नित्य घेऊन बहुतेक रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करतात. मात्र ती आपल्या मनाने बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. त्रिकटूतील पिपेरिन काही औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते. म्हणून अशा रुग्णास कोणताही कल्प त्याच्या कर्करोगतज्ज्ञास विचारूनच द्यावा.

चिरकारी लिम्फॉइड प्रकार वृद्धांचा असून पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे विरळ आहे. मान, काख व जांघेत वेदनारहित ग्रंथी वाढतात. अनेकांना प्रारंभी केवळ निरीक्षणावर ठेवतात.

डेंग्यूच्या ऋतूत गोंधळ होतो, कारण बिंबिका तेथेही घटतात. परंतु डेंग्यूत त्या साधारणतः आठ-दहा दिवसांत सावरतात आणि मोठा रक्तस्राव नसेल तर हिमोग्लोबिन घसरत नाही. विदर्भ व नंदुरबार भागांत पांडुता आणि अस्थिशूल एकत्र दिसल्यास सिकलसेलचाही विचार करावा लागतो.

त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके दिसल्यास त्यांवर काचेचा पेला दाबून पाहावा. ठिपके फिके न झाल्यास ते त्वचेखालील रक्तस्रावाचे समजावेत. अशा रुग्णास मांसगत इंजेक्शन, ॲस्पिरिन वा तत्सम वेदनाशामक देऊ नये. लोहकल्प दोन-तीन आठवडे देऊनही पांडुता वाढत असल्यास, किंवा एकच ग्राहक लोहासव पुन्हापुन्हा नेत असल्यास औषधालयचालकाने त्यास वैद्याकडे धाडावे.

पहिली तपासणी साधी आहे: संपूर्ण रक्तगणना आणि काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलेला रक्तलेप. केवळ यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये. श्वेतपेशींची संख्या कधी प्राकृत, कधी कमीही असते. अहवालात 'ब्लास्ट' हा शब्द आल्यास त्याच दिवशी रुग्णास रक्तविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत आजवर दिलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा लिहाव्यात आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करण्यास नातेवाइकांस सांगावे.