घरचा जमाखर्च आणि संगणकाची वही

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? लहानपणीं ती सर्वांनीं पाठ केली आहे, आणि मोठेपणीं बहुतेकांनीं ती आपल्या मुलांस ऐकविलीही आहे. परंतु अंथरुणाची लांबी मोजावी कशी, हें मात्र ती म्हण सांगत नाहीं. पगाराचा आंकडा म्हणजेच अंथरूण, असें पुष्कळांस वाटतें. कित्येकांस बँकेंतील शिल्लक म्हणजे अंथरूण वाटतें. आमचाही समज तसाच होता. तो समज कसा चुकीचा ठरला आणि संगणकावरील हिशेबाच्या वहीनें तो कसा दुरुस्त केला, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमचें बिऱ्हाड नवी मुंबईंत नेरूळ येथें आहे. घरांत आम्ही दोघें, दोन मुलें व मातोश्री. या नगराची गोष्ट सर्वांस माहीत आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९९२ सालीं आगगाडी खाडी ओलांडून वाशीस आली, आणि मुंबईंत घर घेणें ज्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें अशीं असंख्य पगारदार कुटुंबें इकडे राहावयास आलीं. अशा कुटुंबांस शेताच्या धान्याचा आधार नसतो व शेजारच्या वाण्याची वर्षभराची उधारीही नसते. महिन्याच्या अखेरीस पगार येतो. त्यांतून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. उरलेल्यांत सारें भागवावयाचें असतें.

२०२२ च्या जून महिन्यांत आमच्या बँकेच्या खात्यावर ६८,००० रुपये शिल्लक होते. दरमहा सुमारें ९,००० रुपये मागें पडतात, या हिशेबावर आम्ही निर्धास्त होतों. त्याच महिन्यांत कन्येच्या अकरावीच्या प्रवेशाचे व शिकवणीचे मिळून ५२,००० रुपये भरावयाचे होते. ते भरूनही १६,००० उरतील, असा आमचा अंदाज. परंतु त्याच पंधरवड्यांत नव्या फ्रीजसकट कार्डावरील खरेदीचें ३१,४०० रुपयांचें बिल आलें, सोसायटीच्या देखभालीची तिमाही वर्गणी ९,६०० रुपये आली, आणि विम्याचा वार्षिक हप्ता ११,२०० रुपये. एकूण बेरीज १,०४,२०० रुपये. म्हणजे ३६,२०० रुपयांचा खड्डा. यांतील एकही खर्च अकल्पित नव्हता, ही आम्हांस खरी शरमेची गोष्ट वाटली. विमा प्रतिवर्षीं जूनमध्येंच येतो. सोसायटीची पावती तर कपाटाच्या दारावर चिकटविलेली होती.

मातोश्रींनीं कांहीं न बोलतां आपल्या दोन बांगड्या पुढें केल्या. त्या गहाण ठेवून बँकेकडून ३६,५०० रुपये आणले, आणि प्रवेश वेळेवर झाला.

त्याच रात्रीं मातोश्रींनीं आमच्या आजोबांची गोष्ट काढली. आजोबा पनवेलीस एका किराणा दुकानांत मुनीम होते. दिवेलागणीस गल्ल्यांतील रोकड आणि रोजकीर्दीची शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज दुकानाच्या फळ्या लागत नसत. चार आणे कमी भरले तरी सारा दिवस पुन्हां वाचावयाचा. रोजकीर्दींत दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे क्रमानें लिहावयाचे, आणि मग खतावणींत ते ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचे. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत त्या काळच्या रोजकीर्दी जपून ठेविलेल्या आहेत, आणि नाना फडणविसांच्या नांवांतील 'फडणीस' हा शब्दच मुळीं हिशेबाच्या हुद्द्याचा आहे. युरोपांत इ. स. १४९४ मध्यें लूका पाचोली या गणिती साधूनें व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत दुहेरी नोंदीची पद्धत विस्तारानें सांगितली. अर्थात् व्यापारी ती त्याच्या आधींपासून वापरीतच होते. जी शिस्त मुनिमास साधली ती चांगल्या शिकलेल्या आम्हां दोघांस कां साधूं नये, असें मातोश्रींनीं विचारलें नाहीं. परंतु आम्हांस तें ऐकूं आलें.

वही घालण्याचा प्रयत्न आम्हीं पूर्वीं दोनदां केला होता. दोन्ही वह्या आठव्या पानावर थांबल्या. याचें एक कारण आळस, हें कबूल केलें पाहिजे. दुसरें कारण मात्र विचार करण्यासारखें आहे. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, तेव्हांपासून पैसा हातांतून जातांना दिसेनासा झाला. पूर्वीं पाकीट हलकें झालें म्हणजे मनुष्य सावध होई. आतां रिक्षावाला, भाजीवाली, चहाची टपरी, सर्वत्र फोन पुढें केला कीं काम झालें. दिवसाकांठीं दहा-बारा लहान व्यवहार होतात, आणि ते आठवून वहींत उतरणें रात्रीं नकोसें होतें. येथेंच संगणकाचा खरा उपयोग आहे. बँकेच्या संकेतस्थळावरून खात्याचा उतारा घेऊन तो सॉफ्टवेअरमध्यें ओतला कीं तारीख व रक्कम आपोआप चढतात; कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, एवढें मात्र आपणांस सांगावें लागतें.

आम्हीं निवडलें तें ग्नूकॅश नांवाचें सॉफ्टवेअर. तें १९९८ सालापासून लोकांपुढें आहे, मोफत मिळतें, आणि दुहेरी नोंदीच्या पायावर उभें आहे. त्यांत खात्यांचे पांच वर्ग असतात: मालमत्ता, देणें, उत्पन्न, खर्च आणि मूळ भांडवल. प्रत्येक रुपया कोठून तरी निघाला पाहिजे आणि कोठें तरी पोंचला पाहिजे, हा त्याचा एकच कायदा. वाशीच्या बाजारांतून २४० रुपयांची भाजी आणली, तर पाकिटाच्या खात्यांतून २४० कमी होतात आणि भाजीच्या खात्यावर २४० चढतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहींत तर सॉफ्टवेअर उरलेला फरक एका वेगळ्या खात्यांत आपल्या डोळ्यांपुढें मांडून ठेवतें. आजोबांच्या दुकानाच्या फळ्या लागत नसत, त्यांतलाच हा प्रकार.

पहिल्या महिन्यांत आमच्या हातून झालेल्या चुका सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या बहुतेक घरीं होतील. एटीएममधून ५,००० रुपये काढले, ते आम्हीं खर्च म्हणून लिहिले. आणि मग त्याच पैशांची भाजी आणली, तीही खर्च म्हणून लिहिली. वस्तुतः एटीएममधून पैसे काढणें हा खर्च नव्हेच; बँकेच्या खिशांतला पैसा आपल्या खिशांत आला, एवढेंच. कार्डाचें बिल भरणें हाही खर्च नव्हे. खर्च खरेदीच्या दिवशींच झाला, बिल भरलें त्या दिवशीं फक्त देणें फिटलें. हा भेद ज्यास कळला त्यास कार्डाचा मोह पुष्कळ आवरतां येतो. बिल पुरतें न भरतां किमान रक्कम भरून पुढें ढकललें, तर अनेक कार्डांवर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढतें. शेंकडा तीन हें ऐकावयास थोडें वाटतें. परंतु बारा महिन्यांचे ते छत्तीस होतात, आणि व्याजावरील व्याज त्याहून वेगळें.

आणखी एक चूक म्हणजे 'इतर' नांवाचें खातें. जें आठवत नाहीं तें 'इतर' मध्यें टाकावें, असा आम्हीं सोयीचा नियम केला. महिनाअखेर 'इतर' मध्यें १४,३०० रुपये निघाले! घरांतील सर्वांत मोठ्या खर्चांपैकीं एक असा कीं ज्यास नांवच नाहीं. दुसऱ्या महिन्यापासून 'इतर' ची मर्यादा ५०० रुपये ठरविली, आणि तेव्हां त्या रकमेचीं खरीं नांवें बाहेर आलीं: घरपोंच मागविलेलें जेवण, वर्षभर न पाहिलेल्या चित्रपट-वाहिन्यांच्या वर्गण्या, आणि रात्रीं अंथरुणांत पडल्यापडल्या फोनवर केलेली खरेदी.

घराच्या कर्जाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण नवी मुंबईंत हा विषय घरोघरचा आहे, आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस तो गणिताचा उत्तम धडा होईल. समजा, ३० लाख रुपयांचें कर्ज साडेआठ टक्के व्याजानें २० वर्षांकरितां काढलें. मासिक हप्ता सुमारें २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्याचें व्याज काढा: ३० लाखांचे साडेआठ टक्के म्हणजे वर्षास २,५५,०००, त्याचा बारावा भाग २१,२५०. म्हणजे पहिल्या हप्त्यांतून कर्ज फिटतें तें केवळ ४,७८५ रुपये. ग्नूकॅशमध्यें हा हप्ता दोन तुकड्यांत लिहावा लागतो: २१,२५० व्याजाच्या खर्चावर, आणि ४,७८५ कर्जाच्या खात्यावर, कारण तेवढें देणें कमी झालें. पुढच्या महिन्यांत व्याज किंचित् उतरतें व दुसरा तुकडा किंचित् वाढतो. व्याजाचा दर तोच राहिला तर १४३ व्या हप्त्यास, म्हणजे बाराव्या वर्षीं, प्रथमच मुद्दल व्याजाहून जास्त होतें. आमच्या मुलानें हें कोष्टक स्वतः करून पाहिलें आणि विचारलें, "मग पहिलीं दहा-अकरा वर्षें आपण बहुतेक भाडेंच भरतों ना?" हें अगदीं बरोबर नाहीं, परंतु तें चूक आहे असेंही आम्हांस म्हणवेना.

आतां मुख्य गोष्ट. जूनचा खड्डा कां पडला, तें आम्हांस तिसऱ्या महिन्यांत समजलें. जे खर्च दरमहा येत नाहींत ते आम्हीं एका जागीं मांडले. महापालिकेचा मालमत्ताकर वर्षांतून दोन हप्त्यांनीं, ४,२०० प्रमाणें ८,४००. सोसायटीची वर्गणी चार वेळां, ३८,४००. विमा ११,२००. शिक्षण ५२,०००. गणपति व दिवाळी मिळून २४,०००. बेरीज १,३४,०००, तिचा बारावा भाग ११,१६७ रुपये. आम्ही दरमहा ९,००० रुपये शिल्लक टाकतों अशा आनंदांत होतों. वस्तुतः दरमहा २,१६७ रुपयांनीं आम्ही मागें पडत होतों. बँकेंतील तें ६८,००० आमचे नव्हतेच. त्यांवर विमा कंपनीचें, सोसायटीचें, शाळेचें नांव आधींच लिहिलेलें होतें. बँकेच्या उताऱ्यांत तें दिसत नाहीं, इतकेंच.

तेव्हां सॉफ्टवेअरमध्यें 'वर्षाचे खर्च' असें एक खातें उघडलें, आणि बँकेंतही एक निराळें बचत खातें काढलें. पगाराच्या दिवशींच ११,१६७ रुपये तिकडे जातात. ठराविक व्यवहार आपोआप चढविण्याची सोय ग्नूकॅशमध्यें आहे, तिचा येथें उपयोग होतो. मालमत्ताकर आला कीं त्या खात्यांतून भरावयाचा. घरखर्चास धक्का लागत नाहीं.

परंतु तूट भरून काढावयाची आणि बांगड्याही सोडवावयाच्या, तर पैसा कोठून आणावा? हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवीत नाहीं. तें फक्त दाखवितें. ठरवावयाचें घरच्या माणसांनीं. एका रविवारीं सर्वांस संगणकापुढें बसविलें. बाहेरचें जेवण महिन्यास ७,४०० चें होतें, तें ३,००० वर आणावें, असें मुलांनींच सुचविलें. अट एकच, कीं महिन्यांतून एकदां सी-वूड्सला जाऊन जेवावयाचें. वाहिन्यांच्या वर्गण्यांतून ९०० वांचले. फोनवरील खरेदींतून १,५००. एकूण ६,८००. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार कमी करावा, अशी एक सूचना आमच्याच तोंडून निघाली होती. कन्येनें पडद्यावर बोट ठेवून, तो आंकडा बाहेरच्या जेवणाच्या निम्म्याहून कमी आहे, हें दाखविलें. ती सूचना आम्हीं मागें घेतली.

ज्या पालकांस हा मार्ग पत्करावयाचा असेल त्यांस एक सावधगिरीची सूचना. फोनवरील कित्येक ॲप बँकेचे संदेश वाचून हिशेब स्वतःच मांडतात. तीं सोयीचीं आहेत. परंतु आपली वही दुसऱ्याच्या घरीं ठेवल्यासारखें तें आहे. अमेरिकेंत मिंट नांवाची अशी सेवा २००७ पासून फार लोकप्रिय होती. ती २०२४ सालीं बंद झाली. मायक्रोसॉफ्ट मनी या सॉफ्टवेअरची विक्री त्याही आधीं, २००९ सालीं, थांबली. वापरणारांस आपापले हिशेब उचलून दुसरीकडे न्यावे लागले. म्हणून वही कोठेंही ठेवा, तिची एक प्रत दर महिन्यास निराळ्या जागीं जपून ठेवावी. आणि बँकेचा परवलीचा शब्द किंवा ओटीपी कोणत्याही हिशेबाच्या ॲपला वा माणसाला देऊं नये.

विद्यार्थ्यांनीं एवढें करून पाहावें: घरांतील एकच खातें, दुधाचें किंवा भाजीचें, महिनाभर आपल्याकडे घ्यावें. रोज संध्याकाळीं पांच मिनिटें पुरतात. आमच्या मुलाकडे भाजीचें खातें आहे. कोथिंबिरीची जुडी श्रावणांत किती महाग होते, हें त्यास आतां आमच्याहून चांगलें ठाऊक आहे.

बांगड्या २०२३ च्या मार्चमध्यें सुटल्या. नऊ महिन्यांचें व्याज सुमारें २,५०० रुपये झालें. तें कोणत्या खात्यावर टाकावें, असें मुलानें विचारलें, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "शिक्षण." आम्हीं तसेंच लिहिलें.