काम देणारा पैसे मागत नाही

वैभववाडीच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. लोक सातबारा काढायला आणि भरतीचे अर्ज भरायला येतात. हल्ली मोबाइल पुढे करून हळूच विचारतात, "ताई, ही घरबसल्या कामाची जाहिरात खरी काय?" इथली पोरं कामासाठी मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठतात. पण घरात तान्हं मूल किंवा अंथरुणावरची सासू असेल, तर रोज करूळ घाट चढून कोण जाईल? घरून काम मागण्यात गैर काहीच नाही. फसलेल्या बाईला हावरट म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

१. पैसा कुठून कुठे जातो ते पाहा.
घरी बसून करायचं खरं काम महाराष्ट्राला नवं नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथल्या सभासद बहिणी मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात, वजन होतं आणि मजुरी हातात पडते. पैसा संस्थेकडून बाईकडे येतो.
आता व्हॉट्सॲपवर फिरणारी पेन्सिल पॅकिंगची जाहिरात बघा. नामांकित कंपनीचं नाव, फोटो, महिना तीस हजार पगार. मग आधी नोंदणी फी, ती भरली की ओळखपत्राचे, मग कुरिअरचे, मग जीएसटीचे. प्रत्येक वेळी "परत मिळणार" हे ठरलेलं. ज्या कंपनीचं नाव वापरलंय, तिला याचा पत्ताही नसतो. रक्कम पन्नास रुपये असली तरी भरू नका. पहिली रक्कम लहान असते ती मुद्दामच.

२. करारावर सही करण्याआधी कुणाला तरी दाखवा.
डेटा एंट्रीच्या नावाखाली करारात अडकवण्याचा प्रकार मला सगळ्यांत क्रूर वाटतो, कारण यात पैशाआधी माणसाची झोप जाते. थोड्या दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, जवळजवळ एकही चूक चालणार नाही. आधार, पॅन, सही, सगळं मागवून घेतात. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद पडतं, किंवा काम नापास ठरतं. मग वकील म्हणवणाऱ्याचा फोन येतो: करार मोडलात, दंड भरा, नाहीतर वॉरंट निघेल. अशी नोटीस घेऊन आलेली एक मुलगी थरथरत विचारत होती, "ताई, माका पोलीस पकडतले काय?"
नाही पकडत. ठरल्याप्रमाणे काम झालं नाही, एवढ्यावरून कुणाला अटक होत नाही. पैशाचा वाद असेल तर तो दिवाणी दावा. खरी केस असेल तर तिचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर तपासता येतो. एक पैसाही न भरता ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

३. सुरुवातीला पैसे आले म्हणून काम खरं समजू नका.
"व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या," असं काम सांगतात. दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतात, तिथले "मिळाले, मिळाले" म्हणणारे बहुतेक टोळीचेच. पुढच्या टास्कसाठी आधी पैसे भरायचे, आकडा वाढत जातो आणि मोठी रक्कम भरली की ती अडकते. केंद्रीय गृह मंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी अशा शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं. निवृत्त माणसं, बायका आणि बेरोजगार तरुण हेच त्यांचं लक्ष्य असल्याचंही सांगितलं.
या टोळ्यांचे अड्डे कंबोडिया, म्यानमारपर्यंत आहेत आणि नोकरीच्या आमिषाने नेलेली आपलीच मुलं तिथे डांबून राबवली जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना सरकारने विमानाने परत आणलं. म्हणून काम देणारा पैसे मागत नाही, हा नियम परदेशातल्या डेटा एंट्रीच्या नोकरीलाही लावा.

४. बँक खातं कुणाला वापरायला देऊ नका.
"तुमच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन घ्या." कॉलेजची मुलं याला पटकन भुलतात. ते पैसे दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले असतात. खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

५. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
पैसे देतो म्हणून यूपीआयचा पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

६. पैसे गेले असतील तर त्याच घडीला फोन करा.
नवरा काय म्हणेल, वाडीत कळेल, या धास्तीने बायका आठवडा घालवतात. तोवर पैसा अनेक खात्यांतून फिरून निघून गेलेला असतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पुढच्या बँकेत तो रोखायला वाव राहतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका, आणि ‘सर्व्हिस चार्ज भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला थारा देऊ नका, तोही त्यातलाच. फोन लागत नसेल तर थेट पोलीस ठाण्यात जा, किंवा माझ्यासारख्या जवळच्या दुकानात या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरून देते, त्याचे पैसे मी घेत नाही.